मुलूखमैदान ते महामार्ग : अवजड ओझ्याच्या बांधणीचा शोध

मुरार जगदेव हे नाव मराठी वाचकाला माहीत असते ते पुणे उद्ध्वस्त करणारा आदिलशाही सरदार म्हणून. वस्ती जाळली, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच मुरारपंतांच्या नावावर पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी दोन कामे जमा आहेत. १६३२ मध्ये त्यांनी परंड्याच्या किल्ल्यातली मुलूखमैदान तोफ विजापूरला नेली आणि १६३३ मध्ये भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला केली. इतिहासाच्या पुस्तकांत पहिले काम विजयचिन्ह म्हणून येते, दुसरे दानधर्म म्हणून. मला मात्र ही दोन्ही कामे एकाच व्यवसायातली वाटतात. कुणालाही उचलता न येणारे ओझे नेमके किती जड आहे, आणि ते वाटेत हलू नये म्हणून काय करायचे, हे त्या व्यवसायाचे दोन मूळ प्रश्न आहेत.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्याची बरीच वर्षे मालवाहतुकीच्या कचेऱ्यांत बिल्ट्या लिहिण्यात गेली. ट्रेलरवर यंत्रे चढताना, साखळ्या आवळताना, काट्यावर गाडी जाताना रोज पाहिली. त्यामुळे बखरीत किंवा गॅझेटिअरमध्ये 'तोफ आणली' एवढे दोन शब्द वाचले, की मला पुढचा प्रश्न सुचतो : आणली, पण बांधली कशी? प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा माग आहे.

तोफेचे वजन

मुलूखमैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा कारागीर महंमद बिन हुसेन रूमी. लांबी सुमारे ४.४५ मीटर, बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर, तोंडाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, आणि वजन ५५ टन असे सर्वत्र छापलेले असते. असे आकडे एकमेकांची नक्कल करत फिरतात, म्हणून मी साधा हिशेब मांडून पाहिला. बाहेरच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून आतल्या पोकळीचे वजा केले, तर १.३८ चौरस मीटर उरतात. त्याला लांबीने गुणले की सव्वासहा घनमीटरांच्या आत-बाहेर धातू होतो. मिश्रधातूचे वजन घनमीटरला ८.७ टन धरले तर उत्तर ५३ टनांच्या थोडे पुढे येते. म्हणजे ५५ हा आकडा खराखुरा आहे, भाटांनी फुगवलेला नाही.

तोफ ओढायला चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. हाही आकडा तपासता येतो. दिवसभर चालणारा बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतक्या जोराने ओढतो. साडेतीनशे किलोचा बैल धरला तर ३५ किलो. चारशे बैलांचे झाले १४ टन. मऊ मातीच्या वाटेवर लाकडी चाक ओझ्याच्या दहाव्या हिश्श्याइतका विरोध करते, म्हणजे साडेपाच टन. दहात एक असा चढ लागला की आणखी साडेपाच. एकूण अकरा. इतके बैल एकाच वेळी, एकाच तालात कधीच ओढत नाहीत हे लक्षात घेतले, तर चारशे म्हणजे जेमतेम पुरेल इतकाच आकडा आहे. हत्तींचे काम मागून रेटण्याचे असावे. जड तोफांच्या मागे हत्ती लावण्याची पद्धत मोगली लष्करातही होती.

पण ओढणे हा प्रवासाचा अर्धाच भाग झाला. परंडा ते विजापूर हवाई अंतरच दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि मध्ये भीमा आडवी येते. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर बैलांची ताकद उपयोगाची नसते. तिथे ओझे स्वतःच पुढे निघते आणि त्याला मागे धरून ठेवावे लागते. परंपरा सांगते की मुलूखमैदानची एक जोडीदारीण होती, कडकबिजली. ती विजापूरच्या वाटेवर भीमेत बुडाली. जी पोहोचली तिच्यावर लेख कोरले गेले, तिचे मोजमाप झाले, पर्यटक तिच्यासमोर छायाचित्रे काढतात. जी बुडाली तिच्या वाट्याला एक ओळ आली, आणि तिला बांधणाऱ्या माणसांच्या वाट्याला तीही नाही.

पुढे इंग्रजी अमलात मुंबई सरकारच्या मनात ही तोफ इंग्लंडला राजाकडे पाठवावी असे आले. रस्त्यांची अवस्था पाहून तो बेत सोडावा लागला. १८५४ मध्ये तर ती निरुपयोगी सामान म्हणून लिलावात निघाली आणि १५० रुपयांना गेली. वरिष्ठांनी तो सौदा रद्द केला म्हणून ती वाचली. ५५ टन धातू १५० रुपयांना हे वाचून आपण हसतो. पण घेणाऱ्याला ती तिथून हलवायला किती खर्च आला असता, ते पाहिले की किंमत इतकी का पडली याचा उलगडा होतो. जड वस्तूची किंमत आणि ती नेण्याची किंमत हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि पुष्कळदा दुसराच मोठा असतो.

नावेवरची रेघ

आता हत्तीची तुला. ग्रहणाच्या पर्वावर मुरारपंतांना हत्तीच्या वजनाइतके दान करायचे होते. हत्ती पेलणारा तराजू कुठून आणणार? परंपरेप्रमाणे तोड शहाजीराजांनी काढली. हत्ती नावेत उभा केला, नाव जिथपर्यंत बुडाली तिथे रेघ मारली, हत्ती उतरवला आणि रेघ पाण्याला टेकेपर्यंत नावेत दगड भरले. दगड मात्र एकेक करून तोलता येत होते. नागरगावचे तुळापूर झाले ते यातून.

या गोष्टीत युक्ती आहेच, पण मला तिच्यात आजच्या कायद्याचे बीज दिसते. नावेच्या अंगावर मारलेली रेघ खोटे बोलत नाही. मालक काहीही सांगो, पाणी खरे वजन दाखवते. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने अतिभाराने बुडणाऱ्या जहाजांसाठी वर्षानुवर्षे भांडून १८७६ मध्ये हीच रेघ कायद्यात आणली. प्रत्येक व्यापारी जहाजावर भाररेषा रंगवायची ठरली, आणि १८९० मध्ये ती कुठे असावी हेही कायद्याने ठरवले. त्याआधी कितीतरी खलाशी 'शवपेटी जहाजे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गलबतांवर बुडून मेले होते. मालकाला विम्याचे पैसे मिळत, खलाशाच्या घरी निरोप जाई.

रस्त्यावरच्या गाडीला अशी रेघ नसते. कमान-पाट्यांकडे पाहून जुना ड्रायव्हर अंदाज सांगतो, पण तो अंदाज कोर्टात चालत नाही. म्हणून वजनकाटा आला. नाक्यावरच्या काट्याची पावती ही तुळापूरच्या रेघेचीच वंशज आहे.

उलाळ गाडी

एकूण वजन कळले तरी काम संपत नाही. ते कुठे ठेवायचे, हा पुढचा प्रश्न. हे ज्ञान आपल्याकडे बैलगाडीवाल्यांकडे होते आणि त्याला शब्दही होता : उलाळ. मागच्या अंगाला भार जास्त झाला की जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि चढावर गाडी मागे उलटते. भार पुढे जास्त झाला तर जू मानेवर दाबते आणि बैल बसतात. उसाची मोळी रचणारा माणूस कागदावर काही न लिहिता आसाच्या पुढे किती आणि मागे किती, हे ठरवत असे. आधी तळाला जड, वर हलके, कडेला टेकू, शेवटी नाडा आवळून गाठ.

ट्रेलरचे शास्त्र याहून वेगळे नाही. माल फार मागे ठेवला तर पुढच्या पुलरवरचा दाब कमी होतो, त्याच्या ओढत्या चाकांची पकड सुटते आणि ओल्या रस्त्यावर गाडी हातात राहत नाही. फार पुढे ठेवला तर पुलरचा आस कायद्याच्या मर्यादेबाहेर दबतो, मग एकूण वजन मर्यादेत असले तरी गुन्हा होतो. म्हणूनच कायदा नुसते एकूण वजन पाहत नाही, आसागणिक पाहतो. दुहेरी टायरांच्या एका आसावर पूर्वी १०.२ टन चालत. जुलै २०१८ पासून ११.५ चालतात. जोडआसाला १९ चे २१ झाले, तिहेरी आसाला २४ चे २७, आणि पुलर-ट्रेलरच्या एकूण जोडीला ४९ चे ५५. हा शेवटचा आकडा मुलूखमैदानच्या वजनाशी जुळतो खरा, पण त्यात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले आहे. म्हणजे मुलूखमैदान आजही साध्या ट्रेलरवर नेता येणार नाही. तिला अनेक आसांचा हायड्रॉलिक ट्रेलर आणि खास परवानगीच लागेल.

सुटलेली तोफ

व्हिक्टर ह्यूगोच्या 'त्र्याण्णव' या १८७४ च्या कादंबरीत, वादळी समुद्रात एका युद्धनौकेवरची तोफ साखळी तुटून सुटते, असा प्रसंग आहे. जहाज डोलेल तशी ती धावते, माणसे चिरडते, इतर तोफा फोडते, जहाजाच्या भिंती खिळखिळ्या करते. ज्या गोलंदाजाने साखळीची चाप नीट आवळली नव्हती, तोच जिवावर उदार होऊन तिला थांबवतो. सेनानी त्याच्या छातीवर शौर्यपदक लावतो आणि लगेच त्याला गोळ्या घालायला सांगतो. पदक धाडसाचे, शिक्षा निष्काळजीपणाची.

या प्रसंगातला महत्त्वाचा मुद्दा असा की तोफेचे वजन आदल्या दिवशीही तेवढेच होते. बांधलेली होती तोवर तिने कुणाला इजा केली नाही. घात केला तो सुटण्याने. माझ्या मते अवजड वाहतुकीच्या इतिहासातला खरा टप्पा हाच आहे : 'हे उचलेल का' या प्रश्नाकडून 'हे जागेवर राहील का' या प्रश्नाकडे येणे. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ सुधारले. क्रेन आल्या, शक्तिशाली पुलर आले. दुसऱ्याकडे आपण अजून अर्ध्याच लक्षाने पाहतो.

याचा हिशेब मांडून दाखवतो. लोखंडी पायाचे २५ टनांचे एक यंत्र लोखंडी तळाच्या ट्रेलरवर ठेवले आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत असे गृहीत धरतात की जोरात ब्रेक लागला तर माल आपल्या वजनाच्या आठ दशांश इतक्या जोराने पुढे जाऊ पाहतो, आणि वळणावर किंवा मागच्या दिशेला अर्ध्या वजनाइतक्या. म्हणजे आपले यंत्र २० टनांच्या जोराने केबिनकडे निघेल. लोखंडावर लोखंडाचे घर्षण वजनाच्या दोन दशांश धरू. ते पाच टन अडवेल. उरले पंधरा टन.

आता बहुतेक जण काय करतात? यंत्रावरून पट्टे टाकतात आणि दोन्ही बाजूंना रॅचेटने आवळतात. एका पट्ट्याचा ताण ५०० किलो धरला, तर दोन्ही बाजू मिळून तो यंत्राला एक टनाने खाली दाबतो. पण पुढे सरकणे अडते ते त्या दाबातून होणाऱ्या घर्षणाने, म्हणजे एक टनाच्या दोन दशांशाने : २०० किलो. पंधरा टन अडवायला असे ७५ पट्टे लागतील. चार-सहा पट्टे टाकून 'घट्ट बांधलंय' म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे.

त्याच यंत्राखाली जाड रबरी चटया घातल्या तर घर्षण सहा दशांशांपर्यंत जाते. पंधरा टन नुसत्या घर्षणाने अडतात, उरलेल्या पाच टनांना प्रत्येकी ६०० किलोच्या हिशेबाने नऊ पट्टे पुरतात. ७५ कुठे आणि नऊ कुठे! आणि पट्ट्यांऐवजी यंत्राच्या पायापासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत तिरक्या साखळ्या ओढल्या, पुढच्या अंगाला भक्कम ठोकळा दिला, तर घर्षणावर विसंबायचे कारणच कमी होते. हा ठोकळा म्हणजे बैलगाडीच्या चाकाखालच्या दगडाचाच थोरला भाऊ. साडेचार टनांच्या पुढच्या अवजड यंत्राला किमान चार बंध हवेत आणि सगळ्या बंधांची मिळून सुरक्षित क्षमता मालाच्या किमान निम्मी हवी, हेही त्याच अमेरिकी नियमांत आहे. जानेवारी २००४ पासून ते तिथे बंधनकारक आहेत. ड्रायव्हरने निघाल्यावर पहिल्या ऐंशी किलोमीटरांच्या आत थांबून बंध तपासायचे, हाही त्यातलाच नियम. माल सुरुवातीच्या धक्क्यांनी बसतो आणि साखळी सैल पडते, हे अनुभवाने माहीत असलेल्यांनी तो लिहिला असणार.

आपला कायदा कशाकडे पाहतो

आपल्याकडे १९३९ च्या आणि नंतर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वजनाला मर्यादा घातल्या. अतिभाराला किमान २,००० रुपये आणि जादा टनामागे १,००० असा दंड दीर्घकाळ होता. काही राज्ये पैसे घेऊन जादा माल तसाच पुढे सोडत. २००५ मध्ये परमजीत भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की दंड भरला म्हणून अतिभार कायदेशीर होत नाही, जादा माल उतरवलाच पाहिजे. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड २०,००० रुपये आणि टनामागे २,००० झाला. माल गाडीच्या बाजूंना, पुढे-मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर तेवढाच मोठा वेगळा दंड आला. गाडीच्या मागे डोकावणाऱ्या सळ्यांना एक मीटरपर्यंतची जी सवलत होती, ती २०१४ मध्येच काढली गेली. रात्रीच्या अंधारात उभ्या ट्रकच्या सळ्यांत घुसून माणसे मेल्यावर ती निघाली, हे विसरू नये.

हे सारे योग्यच आहे. पण यातला भर वजनावर आणि मापांवर आहे, कारण ती नाक्यावर मोजता येतात. काटा आणि टेप असला की अधिकाऱ्याचे काम भागते. बांधणी मोजायला मात्र समज लागते. मर्यादेतले वजन, मर्यादेतली रुंदी, सगळे कागद पूर्ण, आणि तरी नुसत्या चार पट्ट्यांवर उभे असलेले २५ टनांचे यंत्र नाक्यावरून निर्धोक पार होते. पुढे बोरघाटाच्या उतारावर कुणी आडवे आले की ते केबिनमधून पुढे येते. अशा वेळी सर्वात आधी मरतो तो ड्रायव्हर, आणि पंचनाम्यात कारण लिहिले जाते 'चालकाचे नियंत्रण सुटले'.

बांधणारा कोण?

मग प्रश्न येतो जबाबदारीचा. कायद्याने ती ड्रायव्हरवर आणि मालकावर आहे. ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर अतिभार मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते, अशीही तरतूद आहे. पण प्रत्यक्षात माल चढवतो कोण? कारखान्याच्या आवारात क्रेनवाला तिसऱ्याचा असतो, हमाल ठेकेदाराचे असतात, पट्टे गाडीचे असतात आणि घाई माल पाठवणाऱ्याची असते. ड्रायव्हरला पुष्कळदा आवाराबाहेर, फाटकापाशी थांबवून ठेवतात. माल चढल्यावर त्याच्या हातात बिल्टी देतात. तिच्यावर मालाचे नाव असते, नग असतात, वजन असते. बांधणीविषयी एक अक्षर नसते.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून ओझे वाहणाऱ्याला हक्क दिले. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संघटनेचे ते मोठे यश. ओझ्याच्या बाजूने माणूस उभा राहिला, असा आपल्या सामाजिक इतिहासातला तो दुर्मीळ क्षण आहे. दुसरीकडे मालवाहतूकदार वर्षानुवर्षे 'वाराई'विरुद्ध, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याच्या माथी मारण्याविरुद्ध बोलत आले. त्यांची घोषणा आहे : 'ज्याचा माल त्याचा हमाल'. ही घोषणा पैशाच्या भांडणातून आली, पण मला ती त्याहून मोठी वाटते. ज्याचा माल त्याची बांधणी, आणि बांधणी सुटली तर उत्तरही त्याचेच, इथपर्यंत ती नेता येते.

नीट केले तर काय होते, याचेही उदाहरण समोर आहे. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक अजस्र ऑटोक्लेव्ह तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राकडे निघाले. वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहा मीटरांहून अधिक, गाडीला ७४ चाके. वाटेत विजेच्या तारा उचलाव्या लागल्या, झाडे तोडावी लागली, मध्ये टाळेबंदी आली. सुमारे १,७०० किलोमीटरचा हा प्रवास पूर्ण व्हायला वर्ष लागले. दिवसाला सरासरी पाच किलोमीटर, म्हणजे मुलूखमैदान ओढणाऱ्या बैलांनाही लाज वाटू नये असा वेग. पण यंत्र सुखरूप पोहोचले. बत्तीस माणसांचा ताफा सोबत होता. वृत्तपत्रांनी गाडीची चाके मोजली, केंद्राचे नाव छापले. वर्षभर रोज सकाळी साखळ्या तपासणारे हात बातमीत नव्हते.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी आहे. बिल्टीवर चार रकाने वाढवावेत : मालाचा भारमध्य कुठे आहे, तळाखाली काय घातले, किती बंध कोणत्या क्षमतेचे लावले, आणि बांधणी कुणी तपासली, त्याचे नाव व सही. पाठवणाऱ्याची सही वेगळी, ड्रायव्हरची वेगळी, आणि न पटल्यास गाडी न हलवण्याचा ड्रायव्हरचा हक्क त्याच कागदावर छापलेला. याला नवी यंत्रणा लागत नाही, शाई लागते. अपघात झालाच तर 'चालकाचे नियंत्रण सुटले' या वाक्याआधी तो कागद वाचला जाईल. आणि अपघात न होता माल पोहोचला, तर तो ज्यांच्या हातांनी पोहोचला त्यांची नावे निदान एका फायलीत राहतील. परंडा-विजापूरच्या वाटेवरच्या माणसांना तेवढेही मिळाले नाही.